गंबोसाठी नाचावं लागतं

लुइझियानातल्या युनिस गावात मार्डी ग्रा या सणाला सोंगं घेतलेल्यांची वरात निघते आणि गंबो या दाट, रस्सेदार कालवणासाठी दारोदार कोंबडी-तांदूळ मागत फिरते. तिला कुरीर म्हणतात. तिच्यात धावायचं असेल तर अंगावर झालरी लावलेला पोशाख आणि तोंडावर मुखवटा हवाच. साध्या कपड्यांत आलेल्यानं रस्त्याच्या कडेला उभं राहून बघावं. घराच्या आवारात शिरणं, गाणं म्हणणं, कोंबडीमागे पळणं हे पोशाख घातलेल्यांचं काम. माझ्या ऑफिसातली मैत्रीण त्या भागातली. तिनं हे मला नाताळच्या आधीच बजावलं होतं, म्हणून जानेवारीतल्या सुट्ट्यांचे दिवस मी आणि मुलगी जुन्या चादरी, परकर आणि विटलेल्या साड्यांच्या पट्ट्या कापत बसलो. पायजमा आणि सैल सदरा घ्यायचा, त्यावर आडव्या ओळींत या पट्ट्या शिवत जायच्या आणि खालच्या कडेला कात्री मारून झालर सोडायची. माझ्या सासूबाईंच्या एका इरकलीचे काठ मुलीच्या सदऱ्यावर गेले. डोक्यावर पुठ्ठ्याची उंच निमुळती टोपी, तिला कापुशाँ म्हणतात. मुखवटा खिडकीच्या डासजाळीचा. जाळी चेहऱ्याच्या आकारात वाकवायची, कडांना कापड शिवायचं, वर डोळे, भुवया, मिशा रंगवायच्या. आतून बाहेरचं सगळं दिसतं, बाहेरून आतला माणूस ओळखू येत नाही.

त्या टोपीला मोठा इतिहास आहे. मध्ययुगीन फ्रान्समध्ये सरदारघराण्यांतल्या बायका अशा निमुळत्या टोप्या घालत. उपवासकाळ सुरू होण्याआधी गरीब माणसं श्रीमंतांची, पंडितांची, धर्मगुरूंची सोंगं घेऊन दारोदार मागत फिरत. म्हणून आजही कुरीरमध्ये कुणी बिशपची टोपी घालून येतो, कुणी पदवीदानातली चौकोनी. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत उपवासकाळ. त्याच्या आदल्या मंगळवारी, म्हणजे मार्डी ग्राला, खाऊन-पिऊन, नाचून घ्यायचं. गोव्यातला इंत्रुज याच दिवसांतला आणि याच कारणानं होणारा. न्यू ऑर्लीन्सच्या मिरवणुका जगभर ठाऊक आहेत, पण तिथे मणी फेकणारे वर आणि झेलणारे खाली. केजन माळावर, म्हणजे दक्षिण लुइझियानातल्या फ्रेंच वंशाच्या केजन लोकांच्या मुलखात, मागणारा दारात जातो आणि देणारा त्याला आधी गायला-नाचायला लावतो. कोकणातला शिमगा बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही: सोंग घ्यायचं, घरोघर जायचं, खेळ करून दाखवायचा, पोस्त मागायची.

मी ह्यूस्टनला रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. इथे वाढणारी मुलं आपण बोललेलं समजतात, पण उत्तर इंग्रजीत देतात, हे तिथल्या प्रत्येक आईबापाचं दुखणं. ज्या लोकांची भाषा शाळेनं मारून काढली, त्यांनी मग काय राखलं आणि कसं राखलं, हे मला जवळून बघायचं होतं. केजन जेवण तर ह्यूस्टनमध्येही मिळतं. व्हिएतनामी मंडळींनी क्रॉफिशला, म्हणजे गोड्या पाण्यातल्या छोट्या शेवंडीला, लसूण-लोण्याची जोड देऊन त्याचा एक नवाच प्रकार इथे रुजवला आहे. पण ते गाणं गावात जाऊनच ऐकायला हवं होतं.

ह्यूस्टनहून आय-टेन महामार्ग धरून पूर्वेला निघालं की ब्युमाँटनंतर सबीन नदी लागते आणि ती ओलांडली की लुइझियाना. पुढे क्राउलीला उत्तरेकडे वळलो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध घातलेली, पाण्यानं भरलेली भातखाचरं सुरू झाली. इतकी वर्षं टेक्सासात राहून अशी खाचरं मी इतक्या जवळून बघितली नव्हती. नवऱ्याला गाडी थांबवायला सांगितली आणि बांधावर जाऊन उभी राहिले. पाण्यातून ओळीनं लाल गोल तोंडं वर आलेली दिसत होती. ती कसली, ते शेवटी बुधवारी कळलं.

दक्षिण लुइझियानाच्या या पट्ट्याला अकेडियाना म्हणतात. १९७१ साली राज्याच्या विधिमंडळानं २२ जिल्ह्यांना अधिकृतपणे हे नाव दिलं. तिथे जिल्ह्याला पॅरिश म्हणतात. लाफाएट हे मुख्य शहर. एप्रिलमधला आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सव आणि ऑक्टोबरमधला अकेडियन-क्रिओल महोत्सव, दोन्ही तिथेच. प्रवासी बहुतेक लाफाएट, तिथून दलदलीतली बोटीची फेरी आणि एव्हरी बेटावरचा तबास्को या तिखट सॉसचा कारखाना एवढं करून परततात. दलदल बघण्यासारखीच आहे. सायप्रसची झाडं पाण्यात उभी, फांद्यांवरून करड्या शेवाळाच्या जटा लोंबताहेत, मध्येच ओंडक्यावर ऊन खात पडलेली सुसर. पण माझ्याकडे दिवस मोजके होते आणि मला माळावर राहायचं होतं.

शनिवारी सकाळी युनिसजवळच्या सावॉय म्युझिक सेंटरमध्ये गेलो. मार्क सावॉय हे ॲकॉर्डियन बनवणारे. १९६६ पासून त्यांचं हे दुकान आहे आणि शनिवारी सकाळी गावोगावचे वादक तिथे येऊन गोल करून बसतात. येताना कुणी बूदँ आणतं. बूदँ म्हणजे भात, डुकराचं मांस आणि कांद्याची पात भरलेलं गरम सॉसेज. ते तिथल्या पेट्रोलपंपांवरही मिळतं, आणि कुठल्या पंपावरचं चांगलं यावर घराघरांत वाद आहेत. गोलात फिडलवाले कितीही चालतात, गिटारवाले चालतात, पण त्रिकोणी घंटी वाजवणारा एका वेळी एकच. ही घंटी पूर्वी गवत गोळा करण्याच्या यंत्राच्या लोखंडी दात्यांपासून करत, तिचा आवाज भलता खणखणीत असतो. नवरा घरी पेटी वाजवतो, त्यामुळे तो सरळ कारागिराच्या टेबलापाशी गेला आणि उघडलेल्या ॲकॉर्डियनमधले सूर न्याहाळत बसला. दहा बटणांची ही ॲकॉर्डियन मूळची जर्मन. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतून वाद्यं येणं बंद पडलं तेव्हा इथल्या कारागिरांनी जुनी मोडून, जोडून, स्वतःची बनवायला सुरुवात केली. आज तिथल्या चांगल्या वादकाच्या हातात बहुधा गावच्याच कुणीतरी बनवलेलं वाद्य असतं.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण प्रवासी माहितीपत्रकांतून ती सहसा निसटते. या संगीताला आपण केजन म्हणतो, पण त्याच्या पायाशी अमेदे आर्द्वँ हा क्रिओल, म्हणजे लुइझियानातला फ्रेंचभाषक कृष्णवर्णीय, ॲकॉर्डियनवादक आहे. त्यानं आणि डेनिस मॅगी या गोऱ्या फिडलवादकानं १९२९ पासून मिळून ध्वनिमुद्रणं केली, तीही वर्णभेदाच्या ऐन कडक काळात. घाम पुसायला एका गोऱ्या मुलीचा रुमाल घेतला म्हणून त्याला मरेस्तोवर मारलं, असं तिथले लोक सांगतात. तो त्यातून पुरता सावरला नाही आणि १९४२ मध्ये सरकारी मनोरुग्णालयात वारला. २०१८ मध्ये ओपेलुसासजवळ त्याचा पुतळा उभा राहिला. त्याच ओपेलुसासच्या परिसरातून क्लिफ्टन शेनिये आला आणि क्रिओलांचं झायडेको संगीत जगभर गेलं. गंबोचंही तेच. त्यातली भेंडी आफ्रिकी गुलामांबरोबर आली, दाट करायला वरून घालतात ती सॅसाफ्रासच्या पानांची भुकटी चोक्टॉ या मूळनिवासींची, सॉसेजवर जर्मन हात फिरलेला. या सगळ्याला एकट्या केजन नावाखाली विकणं मला अन्यायाचं वाटतं. मैत्रिणीलाही तसंच वाटतं, आणि ती हे मोठ्यानं बोलते.

रविवारी तिच्या माहेरी मुक्काम. तिची आई ऐंशीच्या पुढची. नातवंडं तिला मॉमॉ म्हणतात, म्हणून सगळं गावच मॉमॉ म्हणतं, आम्हीही तेच म्हणू लागलो. मॉमॉनं मला स्वयंपाकघरात उभं केलं आणि हातात लाकडी, सपाट तोंडाचा उलथना दिला. आधी रू, म्हणजे गंबोचा पाया असलेला तेलात भाजलेला मैदा: तेल आणि मैदा समसमान, बिडाचं जाड भांडं, मध्यम आच. आता ढवळायचं. फोन आला तरी उचलायचा नाही, दार वाजलं तरी जायचं नाही. मैदा आधी पांढराच राहतो, मग बदामी होतो आणि पॉपकॉर्नसारखा वास सुटतो. नवशिके इथे थांबतात. मॉमॉ म्हणाली, अजून नाही. तांबूस झाला, मग विटकरी. अजून नाही. शेवटी काळपट तपकिरी झाला, वास पार खरपूस होऊन करपण्याच्या उंबरठ्याशी आला, तेव्हा तिनं एकदम चिरलेला कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची भांड्यात लोटली. चर्रर्र आवाज होऊन रूचं भाजणं थांबलं. काळे ठिपके दिसले असते तर सगळं फेकून पहिल्यापासून, हे तिनं भाज्या घालून झाल्यावर सांगितलं. मग कोंबडी, धुरावलेलं सॉसेज, पाणी आणि तासन्‌तास मंद आच. माळावरच्या या गंबोत टोमॅटो घालत नाहीत. विषय काढला तरी मॉमॉच्या कपाळाला आठ्या पडल्या. भातावर वाढतात, शेजारी बटाट्याचं सॅलड, आणि काही घरांत ते सॅलड सरळ गंबोतच घालतात. मी दोन्ही करून बघितलं. घालावं.

रू ढवळता ढवळता तिनं शाळेचं सांगितलं. घरात फक्त फ्रेंच. पहिल्या दिवशी शाळेत गेली तेव्हा बाथरूमला जायचंय हे इंग्रजीत सांगता आलं नाही आणि फ्रेंचमध्ये सांगायची मनाई. पुढे काय झालं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मधल्या सुट्टीत तोंडून फ्रेंच निघालं तर शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही, हे वाक्य पानभर लिहायचं. ही एकट्या तिची गोष्ट नाही, तिच्या पिढीच्या अनेक केजन म्हाताऱ्यांकडून ती ऐकायला मिळते. १९२१ च्या राज्यघटनेनं सरकारी शाळांत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत शिकवणं बंद केलं होतं. आपल्या मुलांना हे भोगायला नको, म्हणून मॉमॉ आणि तिचा नवरा मुलांशी इंग्रजी बोलले. फ्रेंच आपापसांत ठेवलं, मुलांना कळू नये अशा गोष्टींसाठी. १९६८ मध्ये राज्यानं फ्रेंचच्या जतनासाठी कोडोफिल ही संस्था काढली, तोवर माझ्या मैत्रिणीच्या पिढीची भाषा जवळजवळ गेली होती. आता तिची धाकटी भाची फ्रेंच माध्यमाच्या वर्गात जाते. ती आणि मॉमॉ फ्रेंचमध्ये बोलतात आणि मधली पिढी दोघींच्या तोंडाकडे बघत बसते.

त्याच टेबलाशी मॉमॉनं आम्हाला कुरीरचं गाणं शिकवलं. चाल उदास, कोमल स्वरांची. सणाच्या गाण्याला अशी चाल कशी, असं पहिल्यांदा ऐकताना वाटतं. आम्ही लांबून आलोय, वर्षातून एकदाच येतो, एखादी पुष्ट कोंबडी द्या, थोडे तांदूळ द्या, आणि शेवटी तुम्हीही रात्री आमचा गंबो खायला या, असा त्याचा आशय. शेवटचं ते आमंत्रण मला फार आवडलं. मुलीनं शब्द देवनागरीत लिहून घेतले, कारण इंग्रजी लिपीत फ्रेंच उच्चार हाती लागत नव्हते.

सोमवारी सेंट मार्टिनव्हिलला गेलो. बायू टेश या संथ ओढ्याच्या काठी अकेडियन मेमोरियल आहे. अकेडियन म्हणजे केजनांचे पूर्वज. आत एका भिंतीवर रॉबर्ट डॅफर्डनं रंगवलेलं प्रचंड चित्र: अकेडियन निर्वासित लुइझियानाला पोचताहेत. दुसऱ्या भिंतीवर त्या निर्वासितांची सुमारे ३,००० नावं. मैत्रिणीनं स्वतःच्या घराण्याचं नाव शोधून त्यावर बोट ठेवलं आणि मग तिथेच उभी राहून सगळं सांगितलं. तिचे पूर्वज सतराव्या शतकात फ्रान्समधून निघून आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात वसलेले. बांध घालून, भरतीचं पाणी अडवून त्यांनी खारजमीन पिकाखाली आणली. १७१३ मध्ये तो मुलूख इंग्रजांकडे गेला. आम्ही कुणाच्याच बाजूनं लढणार नाही, एवढं अकेडियनांचं म्हणणं होतं. १७५५ मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर चार्ल्स लॉरेन्सनं इंग्रज राजाशी निष्ठेच्या बिनशर्त शपथेचा आग्रह धरला आणि ती मिळेना तेव्हा लोकांना जहाजांत कोंबून हद्दपार करायला सुरुवात केली. घरं-कोठारं जाळली, कुटुंबं तुटली. पुढच्या काही वर्षांत दहा हजारांहून अधिक माणसं देशोधडीला लागली. कितीतरी जहाजांतच रोगानं किंवा बुडून मेली. १७६५ मध्ये जोसेफ ब्रूसार्ड ऊर्फ बोसोलेय सुमारे २०० जणांना घेऊन लुइझियानात आला. १७८५ मध्ये फ्रान्समधून सात जहाजं भरून सुमारे १,६०० अकेडियन आले. तेव्हा हा प्रदेश स्पेनच्या ताब्यात होता, आणि स्पेनला वस्ती वाढवणारे कॅथलिक शेतकरी हवेच होते. २००३ साली ब्रिटनच्या राणीच्या नावानं एक घोषणापत्र निघालं. त्यात हे हद्दपारीचं कृत्य मान्य केलं आहे आणि २८ जुलै हा त्याच्या स्मरणाचा दिवस ठरवला आहे. त्यासाठी लाफाएट भागातले वकील वॉरन पेरिन १९९० पासून मागे लागले होते. मैत्रीण म्हणाली, पैसे कुणी मागितलेच नव्हते, झालं हे कबूल करा एवढंच मागणं होतं.

मंगळवारी अंधारातच उठलो. मार्डी ग्रा ही लुइझियानात कायदेशीर सुट्टी आहे, पण माळावर त्या दिवशी ऑफिसच्या दिवसापेक्षा लवकर जाग येते. गावातल्या सभागृहापाशी नाव नोंदवायचं, शुल्क भरायचं. बाहेर घोडे, ट्रॅक्टर, त्यांना जोडलेल्या ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर गवताच्या गासड्या, आणि झालरींचा नुसता पूर. मुखवटे घातल्यावर गावचा मेयर कोण आणि ह्यूस्टनची मराठी बाई कोण, काही फरक राहत नाही. फक्त कापितेन, म्हणजे वरातीचा म्होरक्या, आणि त्याचे साथीदार बिनमुखवट्याचे, खांद्यावर रंगीत झूल, घोड्यावर. ते दारू पीत नाहीत, इतर भरपूर पितात. कापितेननं नियम सांगितले: त्याच्या पुढे जायचं नाही, निशाण उंचावल्याशिवाय कुणाच्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही, घरमालकाची वस्तू मोडायची नाही. मामूसारख्या शेजारच्या गावात आजही फक्त पुरुषच धावतात. युनिसला बायकांना मज्जाव नाही, म्हणून तर आम्ही युनिस धरलं होतं.

बोचरा वारा होता. ट्रॉलीवर ॲकॉर्डियन-फिडलवाले बसले होते, आणि खडीच्या रस्त्यानं वरात निघाली. पहिल्या घरापाशी सगळे थांबलो. कापितेन एकटाच पांढरं निशाण घेऊन दारापर्यंत गेला, घरमालकाशी बोलला. सगळ्यांच्या नजरा निशाणावर. ते उंचावलं आणि एकच आरोळी उठली. घोड्यांवरचे खोगिरावर उभे राहून नाचू लागले, आम्ही ट्रॉलीवरून उड्या मारून आवारात शिरलो. गाणं सुरू झालं. घरातल्या आजी खुर्ची टाकून ओसरीवर बसल्या होत्या. त्यांच्यापुढे गुडघे टेकून लोक एका हाताच्या तळव्यावर दुसऱ्या हाताचं बोट टेकवून पाच पैसे मागत होते: सँक सू, सँक सू. मीही मागितले. आजीबाईंनी माझ्याकडे बारकाईनं बघितलं आणि फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. शेजारच्या मुखवट्यानं अर्थ सांगितला: नुसतं मागतेस काय, नाच आधी. मी त्यांच्या नातवाबरोबर वॉल्ट्झचे पाय टाकले, मगच एक नाणं हातावर पडलं.

मग घरमालक छपरावर चढला. बगलेत कोंबडी. त्यानं ती हवेत सोडली आणि शेदोनशे माणसं तिच्यामागे. कुंपण, चर, चिखल, कशाचंच भान नाही. माझी मुलगी त्या लोंढ्यात दिसेनाशी झाली आणि गुडघ्यापर्यंत चिखलात परतली. कोंबडी एका पोरसवदा मुलानं झेप घालून धरली, तिला डोक्यावर उंच धरून कापितेनकडे नेली. कोंबडीचे हाल होतात, हे मुलीनं संध्याकाळी मैत्रिणीला तोंडावर सांगितलं. मैत्रिणीनं ते ऐकून घेतलं. पूर्वी तीच कोंबडी रात्रीच्या पातेल्यात जायची आणि त्याखेरीज त्या घरांत सणाचं जेवणच झालं नसतं, एवढं म्हणाली. दोघींचंही मला पटलं.

एका घराकडून दुसऱ्या घराकडे जाताना मी त्या कोंबडी धरणाऱ्या मुलाच्या शेजारी गासडीवर बसले होते. वय विसाच्या आतबाहेर, तेलविहिरीवर काम करणारा. तो सगळं गाणं, सगळी कडवी, एकही शब्द न अडखळता म्हणत होता. मी मॉमॉकडून शिकलेलं तोडकंमोडकं फ्रेंच वापरून त्याला काही विचारलं, तर तो हसला. त्याला फ्रेंच येत नव्हतं. आजोबा बोलायचे, वडिलांना कळायचं, त्याला फक्त गाणं येतं. कुठे शिकलास? इथेच, ट्रॉलीवर, बापाबरोबर. गाणं येत नसेल तर कोंबडी कोण देईल, असं तो अगदी सहज बोलून गेला. भाषा शिकवायला संस्था निघाल्या, वर्ग निघाले, त्यांचं मोल आहेच. पण या मुलापर्यंत जे पोचलं ते दारात उभं राहून मागायची गरज होती म्हणून पोचलं. त्या वर्षी नवरात्रात आमच्या शाळेचा भोंडला झाला तेव्हा मी स्पीकर बंद ठेवला. दरवर्षी फोनवर गाणी लावायचो आणि मुली नुसत्या हत्तीभोवती फिरायच्या. या वेळी महिनाभर आधी गाणी वाटून दिली आणि सांगितलं, पाठ म्हटल्याशिवाय खिरापत ओळखायची नाही. काही आयांना ते कडक वाटलं. मला नाही वाटलं.

दुपारी तीनच्या सुमाराला वरात गावात शिरली. सेकंड स्ट्रीटवर दुतर्फा माणसं, मंचावर बँड, मुलं बापाच्या खांद्यांवर. धावलेल्यांना गंबो वाढला. एवढ्या माणसांचं त्या दिवशी धरलेल्या कोंबड्यांत भागत नाही, मोठाली पातेली आधीपासूनच शिजत असतात. कागदी वाटीतला तो गंबो मॉमॉच्या गंबोच्या पासंगालाही पुरत नव्हता, तरी त्याच्यासारखं काही मी आजवर खाल्लेलं नाही.

मध्यरात्रीला सगळं थांबतं. बुधवारी सकाळी मैत्रिणीचं सगळं घर चर्चमध्ये जाऊन कपाळावर राख लावून आलं. त्या दिवशी मांस वर्ज्य आणि पोटभर जेवण एकदाच. मासे चालतात, क्रॉफिशही चालतं, आणि क्रॉफिशचा हंगाम नेमका याच सुमाराला भरात येऊ लागतो.

मैत्रिणीचा भाऊ भात आणि क्रॉफिश एकाच शेतात आलटून-पालटून घेतो. तो आम्हाला बोटीतून घेऊन गेला. बोट ॲल्युमिनियमची, सपाट बुडाची, मागे हायड्रॉलिकवर फिरणारं लोखंडी चाक. खाचरात पाणी जेमतेम गुडघाभर, त्यामुळे ते चाक जमिनीला टेकून बोट पुढे ढकलतं. पाण्यावर दिसणारी ती लाल तोंडं म्हणजे जाळीच्या सापळ्यांचे गळे. बोट न थांबवता तो एक सापळा उचलायचा, उलटा करून क्रॉफिश टेबलावर ओतायचा, नवं आमिष टाकून आधीच भरलेला दुसरा सापळा त्याच जागी रोवायचा. हात थांबले नाहीत. ऑगस्टमध्ये भात कापून झाला की धसकटं तशीच ठेवतात. ऑक्टोबरात शेतात पुन्हा पाणी सोडतात. बांधांतल्या बिळांत उन्हाळा काढलेल्या माद्या पिल्लांसह बाहेर येतात आणि कुजणाऱ्या धसकटांवर सगळी साखळी पोसली जाते. खाली चिकणमातीचा घट्ट थर असल्यामुळे पाणी जिरून जात नाही. ज्या जमिनीचा इतर पिकांना जाच, तीच भाताला आणि क्रॉफिशला मानवते. २०२३ च्या दुष्काळाचं त्यानं सांगितलं: बिळं वाळली, माद्या आतच मेल्या, आणि पुढच्या हंगामात सापळे रिकामे निघत होते. कारखान्यात क्रॉफिश सोलणाऱ्या बायका बहुतेक मेक्सिकोहून हंगामी व्हिसावर येतात. त्या आल्या नाहीत तर हा धंदा एक आठवडा चालणार नाही, असं तो स्पष्ट म्हणाला.

दुपारी मॉमॉनं एटूफे केला. लोण्यावर कांदा, सेलरी, ढोबळी मिरची मऊ होईपर्यंत परतलेली, त्यात सोललेलं क्रॉफिश आणि त्याच्या डोक्यातली पिवळी चरबी, वर झाकण. चव त्या चरबीत आहे, ती धुऊन टाकू नका, एवढं एकच तिनं तीन वेळा बजावलं. भात त्यांच्याच शेतातला. जेवताना भाऊ आमच्या मुलीला डोकं पिळून शेपटी कशी सोडवायची ते शिकवत होता. फेब्रुवारीतला माल लहान आणि महाग, एप्रिलला या, तेव्हा पोत्यानं उकडू, असं त्याचं म्हणणं. मेमध्ये ब्रो ब्रिजला क्रॉफिशचा मोठा उत्सव भरतो, तो बघायला लोक लांबून येतात, पण मैत्रिणीच्या घरची मोठी उकड गुड फ्रायडेला, परसात, वर्तमानपत्रं पसरलेल्या लांब टेबलावर. मका, बटाटे, लसणाचे अख्खे गड्डे, सगळं एकाच पातेल्यात. नवऱ्यानं फोन काढून त्या शुक्रवारची तारीख बघितली आणि मॉमॉला सांगितलं, आम्ही तिघं येतोय, मका आमच्याकडून.